सरळ आणि समतल : वैमानिकाचे पहिले धडे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मी कापडाचा व्यापारी. विमानात बसलो तो केवळ प्रवासी म्हणून. तथापि माझी पुतणी विमानचालनाची प्रशिक्षिका असल्याने या विद्येविषयी पुष्कळ ऐकण्याचा व थोडेफार वाचण्याचा योग आला. आपल्यातील काही कुटुंबांतील मुले-मुली आता या क्षेत्राकडे वळत आहेत. एवढी मोठी फी भरूनही सुरुवातीचे धडे नुसते सरळ उडण्याचेच का, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

एकाच उंचीवर, एकाच दिशेने आणि पंख न कलता विमान चालविणे, यास सरळ-समतल उड्डाण म्हणतात. अशा वेळी पंखांनी दिलेली उचल विमानाच्या वजनाइतकी आणि इंजिनाची ओढ हवेच्या विरोधाइतकी असते. मात्र हा समतोल एकदा साधला म्हणजे कायमचा टिकत नाही. हवा हलते, इंधन घटते, वेग बदलतो. वेग कमी केला तर उंची राखण्यासाठी नाक किंचित वर धरावे लागते. वेग वाढविला तर किंचित खाली.

नवशिक्याची पहिली अडचण नजरेची असते. तो उंची दाखविणाऱ्या अल्टिमीटरवर डोळे खिळवून बसतो. काटा खाली सरकताच विमान वर ओढतो, वर जाताच खाली दाबतो. चढ-उताराचा वेग दाखविणारा काटा तर काही सेकंद मागेच असतो. काट्यांचा असा पाठलाग केल्याने विमान लाटांवरील होडीसारखे हेलकावते. अशा वेळी अनुभवी प्रशिक्षक यंत्रांच्या तबकड्या चक्क कागदाने झाकतो आणि बाहेर पाहावयास सांगतो. विमानाचे नाक क्षितिजाच्या किती खाली आहे, दोन्ही पंखांची टोके क्षितिजापासून सारख्या अंतरावर आहेत काय, हे पाहावयाचे. दिशेसाठी दूरवरची एखादी टेकडी हेरून ठेवावयाची. यंत्रांकडे पाहावयाचे ते केवळ ताळा करण्यासाठी.

दुसरी अडचण हाताची. भीतीने विद्यार्थी सुकाणू घट्ट आवळतो. आमच्या दुकानात नवखा नोकर कात्री आवळून धरतो, नजर पात्यावर ठेवतो आणि कापड वाकडे कापतो, तसेच हे आहे. वास्तविक दोन बोटे आणि अंगठा पुरेसा असतो. आधी इंजिनाची शक्ती व नाकाची स्थिती ठरवावी, वेग स्थिरावू द्यावा आणि मगच ट्रिमचे चाक फिरवून हातावरील भार काढावा. त्यानंतर प्रशिक्षक हात सोडावयास सांगतो. विमान आपले आपण सरळ चालत राहते, तेव्हा विद्यार्थ्याची निम्मी भीती ओसरते.

तिसरी अडचण शिकविणाऱ्याची आहे. विमान थोडे ढळले की लगेच सुकाणू हाती घेतले, तर विद्यार्थी कधीच शिकत नाही. फार वेळ थांबले तर धोका संभवतो. म्हणून आता सुकाणू कोणाच्या हाती आहे, हे दोघांनीही प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारण्याचा दंडक आहे.

रात्री वा ढगांत क्षितिज दिसेनासे होते, तेव्हा या विद्येचे मोल कळते. शरीराला वाटणारी सरळ दिशा तेव्हा फसवी असते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईकडे निघाले आणि काही मिनिटांतच वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरील विमानाचा कल दाखविणारे यंत्र बिघडले होते आणि अंधारात विमान प्रत्यक्षात कोणीकडे कलले आहे, याचे भान त्यांना राहिले नाही, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला. एका यंत्राचा ताळा दुसऱ्या यंत्राशी सतत घालावा, हा धडा म्हणूनच पुढे आवर्जून गिरविला जातो. त्याचा पाया मात्र या पहिल्या उड्डाणांतच घातला जातो.

पालकहो, व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी सरळ उडण्यात गेलेले तास वाया गेले, असे कृपया समजू नका. मूल सुट्टीत घरी आले की अभ्यासक्रम कुठवर आला, हे जरूर विचारा; परंतु त्याआधी हात सैल राहतो का आणि नजर दूर जाते का, हे विचारा.