पाठच्या भावंडाचे रक्त



मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित अशा नऊ वर्षांच्या एका मुलीच्या देहात तिच्या भावाची अस्थिमज्जा घातली, आणि या देशातील मज्जारोपणाचा इतिहास तेथून सुरू झाला. त्या इतिहासात वैद्यांचे नाव आले, मुलीचे वय आले. ज्याची मज्जा काढली तो भाऊ मात्र एका वाक्यात आटोपला. जुन्नरच्या लेण्यांत पाण्याचे टाके किंवा शेत देणाऱ्याचीही नोंद खडकावर कोरलेली आहे. तेव्हा या जुन्नर गावात दात्याचीच बाजू मांडावी, हे मला उचित वाटते.

त्या काळी दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा उपसावी लागे. आता पुष्कळदा त्याची गरज पडत नाही. मज्जेत चिकटून बसलेल्या मूळ पेशींना सैल करून रक्तप्रवाहात आणणारे जी-सीएसएफ नावाचे इंजेक्शन चार-पाच दिवस कातडीखाली देतात, आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास एका हातातून रक्त यंत्रात घेऊन, त्यातील हव्या त्या पेशी वेगळ्या काढून, उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख आणि शक्यतो ४० ते ५० लाख मूळ पेशी मिळाव्यात, असा हिशेब असतो. या दिवसांत दात्याची हाडे ठणकतात, डोके दुखते; यंत्रावर असताना कॅल्शियम उतरल्याने ओठांना मुंग्या येतात; क्वचितच, परंतु खरोखर, प्लीहा फुटण्यापर्यंत मजल जाते. ज्याला काहीही आजार नाही अशा माणसाने हे सारे दुसऱ्यासाठी सोसायचे असते.

सख्ख्या भावंडाशी पेशींची खूण पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. चार भावंडांच्या जुन्या घरात कोणी ना कोणी जुळण्याची आशा सुमारे ५८ टक्के होती. हल्लीच्या दोन लेकरांच्या घरात ती २५ टक्क्यांवर येते. शिवाय खूण जुळली म्हणजे निभावले असेही नाही. दात्याच्या रक्तातील रक्षक पेशी रुग्णाच्या देहाला परका समजून त्याच्यावर उलटतात: तळहातांवर पुरळ उठते, जुलाब लागतात, कावीळ होते. रक्तातून घेतलेल्या पेशी मज्जेपेक्षा लवकर रुजतात खऱ्या, पण दीर्घकाळ रेंगाळणारा हा विकार त्यांच्यामुळे अधिक होतो. आणि दात्री अनेक बाळंतपणे झालेली बहीण असली तर भावाला त्याचा धोका आणखी वाढतो. अशा वेळी दवाखान्याच्या ओसरीवर "बहिणीचं रक्त मानवलं नाही" असे कोणी सहज बोलून जाते, आणि ती बिचारी ते मनाला लावून घेते. वास्तविक रुग्णाच्या देहात दडलेला कर्करोग हुडकून मारतात त्या ह्याच उलटणाऱ्या पेशी. एकरूप जुळ्या भावंडाचे रक्त सहसा उलटत नाही, परंतु तेथे रोग परतण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. म्हणून त्या बहिणीवर ठपका ठेवणाऱ्यांची तक्रार दप्तरदाखल करण्याच्याही लायकीची नाही.

रुग्णाला रोपणानंतर साधारण शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते, आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील कुटुंबाला याचा अर्थ पुण्यात भाड्याची खोली असा होतो. परतल्यावरही शेणखत, गोठा आणि कांद्याची चाळ यांच्या बुरशीपासून त्याला दूर ठेवणे भाग असते. या धावपळीत दात्री बहीण सासरी निघून जाते आणि तिच्या तपासणीचे कोणी नावही काढीत नाही.

आपल्या तालुक्यांत वडिलांच्या पश्चात बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेताना तिला काय वाटते, हे विचारण्याची वहिवाट नाही. तीच वहिवाट रक्ताच्या बाबतीत चालवू नये. तिची संमती रुग्णाच्या वैद्याने नव्हे, तर वेगळ्या वैद्याने, नातलगांना बाहेर बसवून, एकांतात घ्यावी, आणि ती नाही म्हणाली तर घरच्यांना "वैद्यकीय कारणास्तव अपात्र" एवढेच कळवावे. हा होकार-नकार रुग्णाला तीव्र औषधे सुरू करण्यापूर्वी व्हावा, कारण त्याची स्वतःची मज्जा नष्ट केल्यावर दात्याने पाय मागे घेतला तर रुग्णाचा जीवच जातो.