फोटोसाठी पहिला कॉम्प्युटर : पैसे कुठे घालायचे?

फोटो एडिटिंगसाठी एकेक पार्ट स्वतः निवडून पहिला कॉम्प्युटर कसा जुळवायचा, हा आजचा विषय. ज्यांनी दोन-तीन लग्नसराया लॅपटॉपवर काढल्या आणि आता ज्यांना गिऱ्हाइकाचे ‘अल्बम कधी देताय?’ असे फोन येतात, त्यांच्याशी मी मुख्यतः बोलतोय.

किमती आज सांगणार नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बघता बघता वर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आज आकडा सांगितला तर तुम्ही हे वाचाल तेव्हा तो खोटा ठरलेला असेल. पण कशावर आधी खर्च करायचा आणि कशावर शेवटी, हा क्रम भावाबरोबर बदलत नाही. तो क्रम आज घेऊन जा.

दिल्लीचं नेहरू प्लेस असो, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ‘फोटो एडिटिंगला मशीन हवंय’ म्हटलं की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकू?’ दुकानदाराचं चुकत नाही. त्याच्याकडे गेमिंगवाली मुलं जास्त येतात आणि गेमिंगमध्ये मुख्य भार ग्राफिक्स कार्डावरच असतो. आपलं काम वेगळं आहे, आणि ते वेगळं कसं हे आपल्यालाच सांगता आलं पाहिजे. नाहीतर निम्मं बजेट एका कार्डात जातं आणि मॉनिटर घ्यायला पैसे उरत नाहीत.

म्हणून बाजारात जायच्या आधी घरी एक काम करा. सध्याच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू असे आलेख दिसतात. आता नेहमीचं काम सुरू करा आणि जिथे थांबावं लागतं तिथे कुठला आलेख वर गेलाय ते वहीत लिहा. फोटोशॉपमध्ये मेमरी काठोकाठ भरली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर गेली, तर रॅम कमी पडतेय. तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येत असेल तर कदाचित नव्या मशीनची गरजच नाही. कर्ज काढायच्या आधी हे कळलेलं बरं.

आता एका लग्नाचा हिशेब मांडू. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एक रॉ फाइल साधारण ३० एमबी. लग्नाचे ३,००० फोटो म्हणजे ९० जीबी. ते कार्डावरून कॉम्प्युटरवर आणायचे. जुना यूएसबी २.० चा कार्ड रीडर सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे फारसा जात नाही, म्हणजे चाळीस मिनिटं सहज गेली. तेच चांगल्या यूएसबी ३.० रीडरमध्ये, सेकंदाला ९० एमबी देणाऱ्या कार्डावरून, सतरा मिनिटांत होतं. सेकंदाला ७,००० एमबीचा एसएसडी घेतलात तरी या कामात तो कार्डाची वाटच बघत बसणार. सगळ्यात स्वस्त वस्तू आधी बदलायची, ती अशी.

आता क्रम. पहिला मॉनिटर. बाकी मशीन हळू असलं तर काम उशिरा होईल. मॉनिटर चुकीचा असला तर काम चुकीचं होईल. अनेक स्वस्त स्क्रीनच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांतले जेमतेम साठ-पासष्ट टक्केच ती दाखवू शकते. अशा स्क्रीनवर हळदीचा पिवळा फिका दिसतो, तुम्ही तो वाढवता आणि प्रिंटमध्ये नवरीचा चेहरा पिवळाजर्द येतो. आयपीएस पॅनल आणि पूर्ण एसआरजीबी, एवढं किमान बघा. अल्बमच्या लॅबही बहुतेक एसआरजीबीच मागतात. तुमची लॅब काय मागते ते एकदा विचारून घ्या.

त्याच्या जोडीला कॅलिब्रेटर. दोन-तीन ओळखीच्या फोटोग्राफरांत मिळून एक घेतला तरी चालतो. ‘प्रिंट काळपट आले’ ही तक्रार बऱ्याचदा लॅबची नसतेच. मॉनिटरचा उजेड भरमसाट ठेवलेला असतो, त्यामुळे काळोखा फोटोही स्क्रीनवर उजळ दिसतो. एडिटिंगला १०० ते १२० कॅन्डेला पुरे, आणि तो उजेड कॅलिब्रेटर मोजून देतो.

दुसरा प्रोसेसर. इम्पोर्ट, प्रिव्ह्यू तयार होणं, स्लायडर हलवल्यावर फोटोने लगेच साथ देणं, यात त्याचा वाटा मोठा. मधल्या श्रेणीतला, ताज्या किंवा आदल्या पिढीचा घ्या. सगळ्यात वरच्या मॉडेलला शेवटच्या थोड्या वेगासाठी फार पैसे पडतात. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर आहे का तेवढं बघा. एफ म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

तिसरी रॅम. पुन्हा हिशेब : २४ मेगापिक्सेलचा फोटो फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडला की पूर्ण भरलेला एक लेयर साधारण १४४ एमबीचा. असे दहा लेयर म्हणजे दीड जीबीच्या आसपास, शिवाय हिस्टरी, शिवाय मागे उघडं असलेलं लाइटरूम आणि ब्राउझर. ३२ जीबी घ्या, आणि ती १६ च्या दोन पट्ट्यांत घ्या. एकाच पट्टीने मेमरीचा वेग अर्धा राहतो. जुन्या मशीनमधली डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही, आणि एएमडीचं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं. जुनी रॅम वापरायचीच असेल तर बोर्ड त्या हिशेबाने निवडा.

चौथी साठवण. चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर, १ टीबी किमान. मधल्या किमतीचा पुरतो; सगळ्यात नव्या पिढीच्या एसएसडीचा फरक फोटोच्या कामात हाताला फारसा जाणवत नाही. झालेलं काम साध्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात. दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. बाकी सगळं पुन्हा विकत मिळतं, कन्यादान पुन्हा होत नाही.

आणि आता पाचव्या जागी ग्राफिक्स कार्ड. इथे मात्र २०२३ पासून एक बदल झालाय. लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आलं आणि ते ग्राफिक्स कार्डावर चालतं. समजा, संगीताच्या रात्रीचे २०० फोटो डीनॉइज करायचे आहेत. एका फोटोला दहा सेकंद लागली तर अर्ध्या तासात काम होतं. तीन मिनिटं लागली तर दहा तास. म्हणून स्वतःला विचारा : मी हे रोज करतो का? करत असाल तर ८ जीबी मेमरीचं मधलं कार्ड घ्या. महिन्यातून दोन-चार फोटोंना करत असाल तर सध्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर चालवा. बोर्डावर जागा असतेच, कार्ड पुढच्या वर्षी लावता येतं. तोवर स्मार्ट प्रिव्ह्यूवर एडिट करायची सोय लाइटरूममध्ये आहे, ती वापरली तरी मशीन बरंच हलकं वाटतं.

सहावा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय. बिलात शेवटी येतो म्हणून सगळे इथेच काटकसर करतात. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा घेऊ नका. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, दर्जाची पूर्ण हमी देत नाही, वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघा. आणि यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. एक्सपोर्ट चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर जाणार असतील, तर लाइट गेल्यावर तोही सोबतच बंद पडेल. बेरीज करून मोठा घ्या. घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

उरलं काय? मदरबोर्ड : रॅमला चार जागा, एसएसडीला दोन जागा, पुढच्या बाजूला यूएसबी ३ ची जोडणी, बस्स. कॅबिनेट : हवा खेळती हवी, दिवे नकोत. रंगीत दिव्यांचा उजेड भिंतीवरून स्क्रीनवर येतो आणि डोळ्यांना रंग चुकीचे दाखवतो. आपल्या कामात ते पैसे देऊन विकत घेतलेलं नुकसान आहे.

दुकानात गेल्यावर प्रत्येक पार्टचा नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. कच्च्या बिलावर थोडे वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी दारोदार फिरायची पाळी येते. तुमचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घाला, कराचा परतावा मांडता येतो. खोकी वर्षभर टाकू नका.

मशीन घरी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला दमवा. एक रात्र रॅमची चाचणी चालवा. जुन्या लग्नाचे सगळे फोटो एकदम एक्सपोर्टला लावा आणि तापमान बघा. एक्सपोर्ट चालू असतानाच यूपीएसचं बटण भिंतीवरून बंद करून बघा. जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडू दे, बदलून मिळणं सोपं असतं. हातात खऱ्या लग्नाचं काम असताना नव्या मशीनवर पहिला प्रयोग करू नका.

आता वही घ्या, टास्क मॅनेजर उघडा, आणि पुढचे चार दिवस फक्त लिहीत जा. यादी त्यातूनच तयार होईल.