पाय जागे, तर आपण जागे

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचे आरोग्य’ असा विषय दिला आहे. त्यात योगासनांपासून मृत्युपत्रापर्यंत सगळं बसतं. मी काही डॉक्टर नाही, बँकेत अडतीस वर्षं काढून गेल्या वर्षी निवृत्त झालेली बाई आहे. म्हणून माझ्या अंगावरून गेलंय तेवढ्याबद्दलच बोलते. रात्री पाय झोपू देत नाहीत तेव्हा झोप कुठून आणायची, एवढाच माझा विषय.

नववीची पन्हाळ्याची सहल आठवते? आपण मुली एका धर्मशाळेत ओळीने झोपलो होतो आणि रात्री व्हरांड्यात कोणीतरी चालत असल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.त त्या भुताची गोष्ट मिरजेपर्यंत रंगली. ते भूत मीच. आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखायचं नाही. मुंग्याही नव्हत्या, मुंग्या वेगळ्या. आतून शिवशिव व्हायची आणि पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. उठून चाललं की थांबायची, पडलं की पुन्हा सुरू. घरी सांगितलं तर आजी म्हणायची, पाय वाढतायत. वर्गात पाय हलवला की बाई म्हणायच्या, पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते. (बसल्या बसल्या पाय हलवायची सवय पुष्कळांना असते, ती वेगळी. समोर बसलेल्या दोघातिघांनी आत्ता पाय थांबवले, त्यांनी घाबरायचं कारण नाही.)

माझ्या आईलाही हे होतं. रात्री जेवणं झाली की तिचे पाय चेपायची आम्हा भावंडांची पाळी लागलेली असायची. लहान भावाला ती सरळ पोटऱ्यांवर उभं करायची. ‘पायात किडे वळवळतात रे,’ म्हणायची. दिवसभर शेतात आणि चुलीपुढे राबणारी बाई, म्हणून सगळे म्हणायचे की दमणूक आहे. ती गेली तोवर तिच्या या दुखण्याला कोणी नावसुद्धा दिलं नव्हतं.

दुखणं मात्र फार जुनं आहे. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ साली आपल्या लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांचं वर्णन केलं. इतिहासाच्या बाई इथे बसल्यात म्हणून सांगते, शिवराज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव रूढ झालं. अस्वस्थ पाय. हे अनेकदा घराण्यात चालत येतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, कित्येक बायकांना होतं. किडनी निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या लोकांना तर फारच.

चाळिशीत माझं हे दुखणं वाढलं. एकदा आठवड्यातून, मग एक दिवसाआड, मग रोज. सांगलीला भावे नाट्यमंदिरात नाटकाला गेले तर कडेची खुर्ची घ्यायची आणि दुसरा अंक मागे उभं राहून बघायचा. पुण्याला जायचं तर रात्रीची बस नको. घरात सगळे झोपले की मी दीड-दोनपर्यंत स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा येरझाऱ्या घालायची आणि सकाळी दहाला काउंटरवर लोकांचे पैसे मोजायची. आमचे हे बिचारे दुसऱ्या खोलीत झोपायला लागले, कारण झोपेतसुद्धा माझे पाय लाथा मारायचे. नातेवाइकांत त्याची वेगळीच चर्चा झाली, ती इथे नको.

या काळात झोपेसाठी काय काय झालं ते ऐका. जावेने काशाची वाटी आणून दिली. खोबरेल तेल लावून तळपाय वाटीने घासायचे. ज्या घरात वाटी आहे त्यांनी ती जरूर वापरावी, फार छान वाटतं. पण वाटी थांबली की पाच मिनिटांत पाय पुन्हा सुरू. पोटऱ्यांना ओढणी घट्ट बांधून झाली, गार पाण्याची बादली झाली, कॅल्शियम झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. कोणी म्हणालं, शिरा फुगल्यात. कोणी म्हणालं, विचार फार करतेस.

मग झोपेची गोळी. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी ती लिहून दिली आणि पायांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ती घेतल्यावर काय होतं ते ज्यांना हा त्रास आहे त्यांनाच कळेल. डोळ्यांवर झोप चढते आणि पाय जागेच राहतात. म्हणजे चालावं तर लागतं, पण तोल राहत नाही. एका रात्री मोरीच्या उंबऱ्यावर आपटले, कपाळाला चार टाके पडले. त्यानंतर औषधाच्या दुकानातून सर्दीची, गुंगी आणणारी गोळी आली. ‘ही बिनधास्त, लहान मुलांनाही देतात.’ त्या रात्री माझे पाय जितके नाचले तितके आयुष्यात कधी नाचले नव्हते. हातसुद्धा शिवशिवत होते.

ही गोष्ट नीट ऐका, कारण हिच्यासाठीच मी आज उभी आहे. सर्दी-खाज-अ‍ॅलर्जीच्या ज्या जुन्या गोळ्या आणि सिरप घेतल्यावर झोप येते, फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, त्यांनी हा त्रास भडकू शकतो. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेवर सर्रास मिळणारी प्रोक्लोरपेराझिन यांचंही तेच. नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांनी वाढतो, त्यात झोप यावी म्हणून दिलेलं मिर्टाझापिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनही आलं. आपल्या वयाला घरोघरी असलेल्या अ‍ॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड नावाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं, तेही मेंदूतल्या डोपामिनला अडवतं. म्हणजे ज्याला पायांमुळे झोप नाही, त्याच्या हातात आपण नेमकी पाय पेटवणारी वस्तू देतो, आणि तीसुद्धा झोपेसाठी. आता घरी जाऊन चालू गोळ्या एकदम फेकून देऊ नका. नैराश्याची तर मुळीच नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, कागदावर उतरवा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

मला वाट सापडली ती २०१८ मध्ये, मिरजेला, मेंदूविकाराच्या एका डॉक्टरबाईंकडे. एमआरआय नाही, काही नाही. त्यांनी प्रश्न विचारले. पाय हलवावेसेच वाटतात का? बसल्यावर-पडल्यावर सुरू होतं का? चालल्यावर थांबतं का? संध्याकाळनंतर वाढतं का? मग पाय तपासले, गोळे येतात का, सांधे दुखतात का, दुसरं काही नाही ना ते पाहिलं. दहा मिनिटांत म्हणाल्या, हे रेस्टलेस लेग्ज आहे. मी तिथेच रडले. चोपन्न वर्षांची बाई, पण रडले. इतकी वर्षं ‘मनाचे खेळ’ ऐकून घेतल्यावर कोणीतरी पायांकडे पाहिलं होतं.

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. मी म्हटलं, हिमोग्लोबिन बारा आहे, उत्तम आहे. त्या म्हणाल्या, हिमोग्लोबिन म्हणजे तुमच्या खिशातले पैसे, मला पासबुक बघायचंय. बँकेतल्या बाईला पटेल असंच बोलल्या. शरीरातल्या लोहाची शिल्लक दाखवते ती फेरिटिन नावाची तपासणी. माझं आलं १८. रिपोर्टवर त्यापुढे खूणसुद्धा नव्हती, कारण प्रयोगशाळेच्या हिशेबात ते नॉर्मलच्या आत होतं. पण या आजारात हिशेब वेगळा. मेंदूला लोह कमी पडलं की डोपामिनचं काम बिघडतं, म्हणून इथे फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असलं तरी लोह देतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर हा आकडा खोटाच चढा दिसतो, म्हणून तपासणी बरं असताना, सकाळी उपाशीपोटी करायची आणि सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहायचं.

लोह गेलं कुठे, हेही त्यांनी शोधलं. माझ्या बाबतीत पन्नाशीपर्यंतची जास्तीची पाळी, जेवणावर लगेच चहा, आणि वर्षानुवर्षं चालू असलेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, तिच्याने लोह शोषलं जाणं कमी होतं. माझ्या कॅप्सूलमध्ये वर सांगितलेलं ते दुसरं औषधही होतं. ती बदलली. इथल्या पुरुष मंडळींना मुद्दाम सांगते, आपल्या वयात लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या खाऊन थांबू नका. पोटात-आतड्यात कुठे रक्त जात नाही ना, हे तपासून घ्या. माझीही दुर्बिणीची तपासणी झाली, तिथे काही निघालं नाही.

लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबू-पाण्याबरोबर, मागेपुढे चहा नाही. तीन महिन्यांत फेरिटिन ३१ वर आलं, पण बद्धकोष्ठाने जीव नकोसा झाला. मग शिरेतून लोह दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं, कारण क्वचित कोणाला त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर सव्वासहा वाजले होते, आणि रात्री उठल्याचं मला आठवत नव्हतं. मी ह्यांना उठवून विचारलं, मी रात्री चालत होते का?

पूर्ण गेलं का? नाही. थोडं राहिलं, त्यासाठी रात्री प्रेगाबालिनची लहान मात्रा घेते. मात्रा किती ते सांगत नाही, कारण आपल्यातले काही जण इथूनच दुकानात जातील. तिने सुरुवातीला गरगरतं, वजन वाढतं, माझं चार किलो वाढलं, ते दिसतंच आहे. पूर्वी या आजारावर पहिलं औषध म्हणून प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल द्यायचे. माझ्या एका मामेबहिणीला पहिल्याच रात्री जादू झाल्यासारखी झोप लागली. पण काही वर्षांनी तिचे पाय दुपारी चारलाच सुरू व्हायला लागले आणि मग हातही. गोळी वाढवली की थोडे दिवस बरं, मग आणखी लवकर. औषधच आजार वाढवतं असा हा प्रकार आहे. म्हणून अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधं सरसकट वापरू नयेत असं सुचवलं, आणि शिरेतून लोह, गाबापेंटिन, प्रेगाबालिन यांना पुढे आणलं. ज्यांना ती चालू आहेत त्यांनी स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चार-पाच रात्री भयंकर जातात, बहिणीकडून ऐकलंय.

बाकी माझे घरगुती उद्योग. चार वाजल्यानंतर चहा बंद. काल रात्री ज्यांची ‘बैठक’ झाली त्यांना नम्रपणे सांगते, दारूने डोळा लागतो पण पाय बिघडतात. संध्याकाळी चालायला जाते, पण रात्री उशिरा दमछाक करत नाही. पाय सुरू झालेच तर अंथरुणात कुढत पडायचं नाही. उठायचं, ओट्याशी उभं राहून शब्दकोडं सोडवायचं, डोकं गुंतलं की पायही जरा ऐकतात. आमच्या ओट्यावर शब्दकोड्यांची वही आणि पेन्सिल कायम असते. आणखी एक, पहाटे हा त्रास बहुतेकांना कमी होतो. तेव्हा लागलेली झोप खरी झोप. आपल्या शाळेच्या फळ्यावर लवकर उठण्याचे सुविचार पुष्कळ होते, पण रात्रभर चाललेल्या माणसाला पाचला उठवू नये. घरातल्या सुनेला, आईला असा त्रास असेल तर तिला आठपर्यंत झोपू द्या, चहा तुम्ही करा.

माझी मुलगी सध्या सातव्या महिन्यात आहे. गेल्या महिन्यात तिचा रात्री दीड वाजता फोन आला, ‘आई, पायात किडे वळवळतात.’ तिने आजीला कधी पाहिलेलं नाही, शब्द मात्र तेच. दुसऱ्याच दिवशी तिच्या डॉक्टरांनी फेरिटिन तपासलं, ते १२ निघालं, आणि लोह सुरू झालं. बाळंतपणानंतर हे बहुतेकींचं ओसरतं.

काल जेवताना आपल्या डायलिसिसवर असलेल्या मित्राशी बोलणं झालं. मशीनवर चार तास पाय स्थिर ठेवणं त्याला सुयांपेक्षा अवघड जातं, आणि हे त्याने डॉक्टरांना कधी सांगितलेलंच नाही, कारण विचारलं कोणी नाही. येत्या खेपेला तो सांगणार आहे. आणि हस्तकलेच्या बाईंनी परवानगी दिलीय म्हणून सांगते. ब्याऐंशीव्या वर्षी त्या रात्री दोनपर्यंत दाराला धरून उभ्या असतात. सकाळी त्यांच्या पिशवीतली औषधं आम्ही दोघींनी चष्मे लावून वाचली. चक्करेची एक गोळी निघाली, प्रोक्लोरपेराझिन, तीन वर्षं चालू. मंगळवारी मी त्यांना घेऊन मिरजेला जाते आहे.