मुलांची विचारपूस

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला 'ज्येष्ठांचे आरोग्य' हा विषय दिला होता. रक्तदाब, साखर आणि गुडघे या तिन्हींचा मला भरपूर अनुभव आहे, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती. पण मी विषय बदलून मागितला. आज मला आपल्या मुलांच्या मनाविषयी बोलायचं आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक कबूल करायची आहे.

एप्रिल २०२१ आठवा. कोरोनाची दुसरी लाट होती. आपल्या सोसायटीतल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. मागे पत्नी आणि तेरा वर्षांचा मुलगा. आपण सगळे धावलो. पाळी लावून डबे दिले, लाइटबिल भरलं, दाखले आणले. बँकेतला नॉमिनीचा क्लेम मी स्वतः मार्गी लावला. आणि तेराव्याला त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "रडायचं नाही हं. आता तूच घरातला कर्ता. आईला तूच सांभाळायचंस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, प्रसंगाला शोभेल असं बोललो.

तो मुलगा आता शिकायला नाशिकला असतो. गेल्या दिवाळीत फराळाला आला आणि सहज म्हणाला, "आजोबा, तुम्ही रडू नको म्हणालात ना, म्हणून मी बाथरूमचा नळ सोडून रडायचो. दोन वर्षं." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. नंतर म्हणाला, "डबे सगळ्यांनी दिले. पण पप्पांचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटायचं, सगळे विसरले." हे त्याच्या परवानगीने सांगतो आहे.

त्या काळात मुलांचं काय काय गेलं होतं ते पाहा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सर्वत्र उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. मैत्रिणी, सर, मैदान, मधली सुट्टी सगळं बंद. राहिला तो मोबाईल, आणि त्याला रेंज मिळावी म्हणून गच्चीवर उभं राहायचं. मोठ्यांना निदान एकमेकांशी बोलता येत होतं. मुलांना आपण 'तुला काय कळतंय' म्हणून बाजूला ठेवलं.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. भारतीय जैन संघटनेने त्या भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. संकटात मुलाला अन्न आणि छप्पर लागतं, तसाच ठरलेला दिनक्रमही लागतो. वेळेवर उठणं, शाळेची घंटा, सोबतीला चार मुलं. त्यानेच मनाला आधार मिळतो.

पेठला हे वेगळं सांगायला नको. भात-नागलीची कामं आटोपली की इथली कितीतरी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. मुलं आजीजवळ किंवा आश्रमशाळेत राहतात. आपल्या सोसायटीत शिक्षक बरेच आहेत. जूनमध्ये वर्गाच्या कोपऱ्यात न जेवता बसलेलं पोर त्यांनी पाहिलेलं आहे.

मी डॉक्टर नाही. पण दिवाळीनंतर थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. शंभरात सात. हे दुसऱ्याच्या घरातलं दुखणं नाही.

लक्ष कशाकडे ठेवायचं? झोप बिघडली, जेवण तुटलं, आवडता खेळ सुटला, मित्र टाळू लागला, सारखी चिडचिड, कारण सापडत नसताना पोट किंवा डोकं दुखणं, लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं. एखाद-दोन दिवस सगळ्यांचेच असे जातात. पण दोन आठवडे हे चालू राहिलं, तर 'नाटकं करतोय' म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. ताप आल्यावर आपण दाखवतोच की.

बोलायचं कसं? समोर बसवून उलटतपासणी नको. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना मुलं जास्त बोलतात. ऐकताना उपदेश आवरा. मला हे अजून पुरतं जमत नाही. मृत्यू झाला असेल तर 'बाबा गावाला गेले' असं सांगू नका, मूल वाट बघत बसतं. खरं, सोप्या शब्दांत सांगा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आठवणी काढा. मुलासमोर तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या.

आणि एखादं मूल 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला मोकळं व्हायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरात शेतीची औषधं असतील तर ती कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक लक्षात ठेवा. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे.

आता शेवटचं, आणि थोडं कडू. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार मीच अध्यक्ष असताना सुरू केला. ८५ टक्क्यांच्या वरच्यांना पेन आणि गुलाबाचं फूल. हेतू चांगला होता. पण एका वर्षी ५२ टक्के मिळालेला मुलगा सत्काराच्या भीतीने गणपतीच्या आरतीला खाली उतरेना, हे मला त्याच्या आजीकडून कळलं. जिन्यात भेटेल तो 'किती पडले?' एवढंच विचारायचा. नापास झालेल्याला पुन्हा परीक्षा देता येते, बोर्डाने त्याची सोय केली आहे. आपल्या जिन्यात मात्र ती सोय नाही.

म्हणून माझी सूचना अशी की यंदापासून परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला मंचावर बोलवावं, टक्के वाचू नयेत. पेनांचा जास्तीचा खर्च पहिल्या वर्षी मी देतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावं, पण मुलांना सभेला बसवून त्यांच्यासमोर बोलावं.

त्या मुलाची मी दिवाळीलाच माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या आजोबा, तुम्ही क्लेमचं काम केलंत की." मग आम्ही दोघं त्याच्या वडिलांबद्दल तासभर बोललो. ते कॅरम किती छान खेळायचे, हे मीही विसरलो होतो.