स्मरणाचे शास्त्र आणि पाहणीचे प्रश्न

(घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लवकरच आपण प्रश्नावली घेऊन घरोघर जाल. "गेल्या तीस दिवसांत घरात डाळ किती लागली?", "गेल्या वर्षभरात कपड्यालत्त्यावर खर्च किती झाला?" असे प्रश्न आपण विचाराल. समोरची गृहिणी क्षणभर आठवून उत्तर देईल. ते उत्तर कोष्टकात जाईल, कोष्टकांवरून सरासरी निघेल आणि त्या सरासरीवरून दारिद्र्य वाढले की घटले याचा निष्कर्ष काढला जाईल. आकडेवारीची ही सारी इमारत अखेर माणसाच्या आठवणीवर उभी असते. तेव्हा हा पाया किती भक्कम आहे, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

स्मृतीचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. पतंजलीने योगसूत्रांत पाच चित्तवृत्तींमध्ये तिची गणना केली आहे. तथापि स्मृतीचे मोजमाप करण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रथम केला तो हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. १८८५ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तोही तोच! ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले आणि त्यांच्या याद्या ठरावीक गतीने वाचून पाठ केल्या. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला, हे त्याचे माप होते. सुमारे वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के भरली, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा वेग आरंभी फार मोठा असतो आणि पुढे तो मंदावतो. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वक्ररेषा बरीचशी तशीच आली. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याने पडताळून पाहावा, हाच शास्त्राचा खरा मानदंड होय.

आठवण ही नोंदवही नव्हे

परंतु निरर्थक अक्षरे म्हणजे संसार नव्हे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी आपल्या १९३२ च्या ग्रंथात वेगळीच वाट धरली. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि काही काळाने ती आठवून लिहावयास सांगितली. कथा आखूड होत गेली, एवढ्यावरच भागले नाही. वाचकांना अपरिचित असलेले तपशील गळले अथवा परिचितांत रूपांतरित झाले. सील या जलचराच्या शिकारीची साधी मासेमारी झाली. माणूस आठवतो तेव्हा केवळ जुना कागद उलगडत नाही, तर आपल्या समजुतीनुसार ती गोष्ट नव्याने रचतो, हे यातून दिसून आले.

प्रश्नाचा शब्द आठवणीवर काय परिणाम करतो, हे १९७४ मध्ये अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी दाखविले. मोटारींच्या टकरींच्या चित्रफिती दाखवून त्यांनी विद्यार्थ्यांना वेग विचारला. सर्वांना प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललेले. मोटारी "एकमेकींवर जोराने आदळल्या" असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. "एकमेकींना लागल्या" असे विचारले, तेव्हा सुमारे ३२ मैल. दुसऱ्या प्रयोगात पन्नास-पन्नास विद्यार्थ्यांचे तीन गट होते. आठवड्याने त्यांना "फुटलेली काच पाहिली का?" असे विचारले. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरीही "आदळल्या" हा शब्द ऐकलेल्यांपैकी १६ जणांनी होय म्हटले, सौम्य शब्द ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी आणि वेगाविषयी काहीच न विचारलेल्यांपैकी ६ जणांनी. या तिसऱ्या गटाचे महत्त्व ध्यानात घ्या. तो नसता, तर किती चूक आपसूक होते आणि किती प्रश्नामुळे होते, हे कळले नसते.

आपल्या न्यायालयांना हे तत्त्व अपरिचित नाही. प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास सरतपासणीत न्यायालयाच्या परवानगीवाचून सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तेच आहे. साक्षीदाराला दिलेले हे संरक्षण आपल्या उत्तरदात्यालाही मिळावयास हवे.

तीस दिवस की सात?

आता आपल्या कामाकडे वळू. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीपुढे प्रथमपासून प्रश्न होता, तो कितव्या दिवसापर्यंतचे विचारावे हा. काळ लांबविला तर माणूस विसरतो. काळ आखडला तर आठवड्यापूर्वीची खरेदी "याच आठवड्यातली" म्हणून आत ओढली जाते. प्रशांतचंद्र महालनोबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये प्रत्यक्ष वजन करून ताडून पाहिले आणि महिन्याचा काळ अधिक विश्वसनीय मानला.

१९९० च्या दशकात काही छोट्या फेऱ्यांत तीस दिवसांबरोबर सात दिवसांची पद्धतही वेगळ्या कुटुंबांवर अजमाविण्यात आली. सात दिवसांच्या पद्धतीत अन्नखर्च इतका वाढून आला की, त्यावरून काढलेले दारिद्र्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर उतरले. लोक तेच, देश तोच, केवळ आठवणीची मुदत बदललेली! पुढे १९९९-२००० च्या मोठ्या फेरीत अन्नासाठी दोन्ही मुदतींचे प्रश्न एकाच कुटुंबाला विचारण्यात आले. १९९३-९४ मधील ३६ टक्के दारिद्र्य आता २६ टक्क्यांवर आले, असे अधिकृत आकडे सांगत होते. पण एक उत्तर देताना माणूस दुसऱ्याशी त्याचा मेळ घालतो, म्हणून या तुलनेवर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २०२२-२३ च्या पाहणीत वस्तूपरत्वे मुदती निराळ्या ठेवल्या होत्या. भाजीपाला, फळे, खाद्यतेल अशांसाठी सात दिवस. धान्य, डाळींसाठी तीस. कपडे, पादत्राणे व शिक्षण यांसाठी वर्ष. जी वस्तू जशी खरेदी होते, तशी तिची आठवण राहते, हेच त्यामागील शहाणपण.

तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, प्रश्न छापल्याप्रमाणेच वाचावा, "पाच किलो लागले असेल ना?" असे सुचवू नये. दुसरी, मुदतीची हद्द गावच्या खुणेने पक्की करावी: अमावास्या, बाजारचा वार, मजुरी मिळाल्याचा दिवस. तिसरी, उत्तरदात्याला आठवावयास अवधी द्यावा. घाई करणाऱ्यापुढे माणूस आठवत नाही, अंदाज करतो.

दारात उभी असलेली गृहिणी खोटे बोलत नसते. ती आपल्या प्रश्नाच्या आधाराने आपला महिना पुन्हा उभा करीत असते. तो आधार वाकडा असेल, तर तिचा महिनाही वाकडा उभा राहील, आणि त्याची किंमत पुढे शिधापत्रिकेच्या रांगेतल्या कुणाला तरी मोजावी लागेल. आपल्या हातून तो आधार सरळ दिला जावा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.