चादरीचे चौकोन आणि टाकीची भिंत

सोलापुरातून बोलतोय. आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण हेडफोन काढू नका.

घरातली चौकटीची चादर घ्या. सोलापुरी असेल तर उत्तमच. दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. चौकोनांचे शंकरपाळे होतात, हो ना?

भिंत किंवा स्लॅब कम्प्युटरवर तपासताना आपण तिचे असेच चौकोनी तुकडे पाडतो. एकेक तुकडा म्हणजे प्लेट एलिमेंट, आणि सगळी जाळी म्हणजे मेश. एका तुकड्याच्या आत ताण साध्यासरळ पद्धतीने बदलतो, असं प्रोग्रॅम धरून चालतो. तुकडा चौरसासारखा आणि पुरेसा लहान असेल तर हे चालून जातं. तो लांबुडका किंवा तिरका झाला की उत्तर बिघडतं. गंमत म्हणजे रंगीत चित्र तेव्हाही तितकंच सुंदर दिसतं.

मी स्वतः यात फसलोय. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, आणि मेश बनवणारा कोड लिहीत होतो. टेस्टसाठी पाण्याची लांब टाकी घेतली, वरून उघडी, आत ३ मीटर पाणी. कोडने भिंतीचे उभे पट्टे पाडले, प्रत्येक तुकडा १ मीटर उंच आणि २० सेंटीमीटर रुंद. भिंतीच्या तळाशी वाकवणारा मोमेंट आला साधारण २५. एरर एकही नाही. मी खूश.

माझे मामा आयुष्यभर साइटवर राहिलेले. त्यांना स्क्रीन दाखवली.

"पाणी किती रे?"

"तीन मीटर, मामा."

"मग तीनाचा घन सत्तावीस, भागिले सहा, साडेचार. पाण्याचे दहा गुण. पंचेचाळीस यायला पाहिजे की. तुझे वीस कुठं गेले?"

काटेकोर आकडा ४४, म्हणजे मामा बरोबर. मी वाचत होतो तो आकडा तुकड्याच्या मध्यबिंदूचा होता, तळापासून अर्धा मीटर वरचा! मोमेंट उभ्या दिशेने झपाट्याने बदलतो, आणि मी नेमका त्याच दिशेला तुकडा लांब ठेवला होता. २५ सेंटीमीटरचे चौरस केल्यावर मध्यबिंदूचा आकडा ३९ च्या आसपास गेला. आणखी बारीक केले की तो ४४ कडे सरकतो. त्या २५ वर कुणी सळ्या घातल्या असत्या तर? विचार करूनच घाम फुटला.

हे खऱ्या जगातही घडलंय. नॉर्वेत स्लेपनर-ए नावाच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी खाडीत चाचणी चालू असताना बुडाला. पोकळ खान्यांच्या सांध्याजवळ मेश जाडीभरडी आणि वेड्यावाकड्या आकाराची होती. त्यामुळे भिंत कापू पाहणारा ताण, म्हणजे शियर, ४७ टक्के कमी आला. भिंत पातळ राहिली, सळ्याही अपुऱ्या पडल्या. नंतर बारीक मेशने हिशेब केला, तर भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं.

मग करायचं काय? हे लिहून घ्या.

लांबी-रुंदी शक्यतो सारखी ठेवा, चारास एकच्या पुढे जाऊ देऊ नका. कोपरे ९० अंशांच्या जवळ ठेवा. त्रिकोण फक्त मोठ्या जाळीतून बारीक जाळीत जाताना वापरा. शेजारच्या तुकड्यांचे कोपरे कोपऱ्यांनाच जुळू द्या, कोपरा दुसऱ्याच्या कडेच्या मध्ये आला तर तिथे जोड नसतोच. चौकोनाचे चारही कोपरे एकाच पातळीत हवेत. भोक, सांधा, आधार असेल तिथे जाळी बारीक करा.

शेवटी दोन परीक्षा. तुकडे निम्मे करून पुन्हा चालवा, उत्तर फार हललं तर पहिलं विसरा. आणि एक हिशेब हाताने करा, मामांसारखा.

आता मी कोडमध्येच इशारा टाकलाय, वाकडा तुकडा लाल दिसतो. तरी कागद-पेन टेबलावर असतंच. तुमच्या मॉडेलमधला सगळ्यात वाकडा तुकडा आज शोधा बरं. भेटू पुढच्या भागात!