चॉकलेटची चव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘आवडती चॉकलेटे’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी हो म्हटले ते केवळ खाण्याच्या लोभाने. पण तयारीला बसले आणि लक्षात आले, की या निमित्ताने मला तुमच्यापुढे एक कबुलीही द्यावी लागणार आहे. ती शेवटी देईन. तूर्त तुमच्यामध्ये तीन ताटल्या फिरत आहेत, तिकडे लक्ष द्या.

पहिल्या ताटलीतला तुकडा जिभेवर ठेवा आणि कृपा करून चावू नका. कोकोच्या बीमध्ये जे लोणी असते, ज्याला कोको बटर म्हणतात, ते सुमारे ३४ अंशांना वितळते, आणि आपले अंग असते ३७ अंशांचे. म्हणून खरे चॉकलेट तोंडात आपण होऊन विरते. आधी कडू लागेल. पुष्कळजणींची तोंडे वाकडी झालेली मला येथून दिसत आहेत! थोडा दम धरा. कडूपणा ओसरला की मागून एक आंबटगोड चव येते, मनुकांसारखी. आली ना?

ही चव कोणी वरून घातलेली नाही. कोकोचे फळ फोडले की आत पांढऱ्या गरात बिया असतात. त्या गरासकट पाचसहा दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. आपले इडलीचे पीठ नीट आंबले नाही तर पुढे काही केले तरी इडली साधत नाही, तसेच हे. कच्च्या बीला चॉकलेटचा वासही नसतो. तो आंबवण्यातून आणि नंतरच्या भाजण्यातून येतो. मादागास्करचा कोको आंबटसर लागतो, इक्वेडोरच्या एका जातीला फुलांचा वास असतो. हा तुकडा केरळातल्या इडुक्की जिल्ह्यातल्या कोकोचा आहे. आपल्याकडे कोको पिकतो हेच मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. दक्षिण कन्नडमधल्या पुत्तूरला सुपारी बागाईतदारांच्या सहकारी संस्थेने १९८६ साली चॉकलेटचा कारखानाही काढला.

वेष्टणावर ७० टक्के लिहिलेले असते त्याचा अर्थ कोकोचा भाग ७० आणि उरलेली बहुतेक साखर. पांढऱ्या चॉकलेटात कोकोचे नुसते लोणी, दूध व साखर; म्हणून ते पांढरे. दुधाचे चॉकलेट १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी केले. तेथलेच रोडोल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये चॉकलेट तासन्‌तास घोटण्याचे यंत्र काढले, तेव्हापासून ते जिभेला रेशमासारखे लागू लागले. त्याआधीचे चरचरीत असे.

आता दुसरी ताटली. मध्ये घोटभर पाणी प्या, कोमट असले तर उत्तम. यात संत्र्याची साल आहे. माझे सर्वांत आवडते हेच. कडूला कडू भेटते आणि दोन्ही गोड होतात, हे कसे ते मला सांगता येत नाही. बदामाचे कोणाला आवडत नाही? आखातातून येणारी पाहुणेमंडळी मध‑बदामाचे ते त्रिकोणी टोब्लेरोन आणतात. ते १९०८ पासून निघते आहे. मिठाचे दोन कण लावलेले चॉकलेट मात्र मला अजून पटलेले नाही. गुलाब आणि वेलदोड्याचे तर मुळीच नाही; पेढा खायचा असेल तर मी पेढाच खाईन.

एक घरगुती सूचना. महागाचे चॉकलेट फ्रीजमध्ये उघडे ठेवू नका. ते शेजारच्या कांद्याचा वास ओढून घेते, आणि बाहेर काढल्यावर त्याला घाम येऊन वर साखरेचा पांढुरका थर चढतो. ती बुरशी नव्हे, पण चव जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि डबा बाहेर आल्यावर अर्धा तास उघडू नये.

आता तिसरी ताटली. हा तुकडा विरतो का पाहा. विरत नाही, टाळूला मेणासारखा चिकटतो. भगिनींनो, हे चॉकलेट आपलेच आहे, दिवाळीच्या स्टॉलवरचे!

आपण बाजारातून जी लादी आणतो ती ‘कंपाउंड’. तिच्यात कोकोची भुकटी असते, पण लोण्याच्या जागी वनस्पती तेल गोठवून घातलेले असते. ती वितळवून साच्यात ओतली की काम झाले. खरे चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवून २७‑२८ पर्यंत निववावे लागते आणि पुन्हा ३१‑३२ वर आणावे लागते, तेव्हा त्याला चकाकी येते आणि ते कटकन तुटते. आपल्याला तेवढा वेळ नव्हता, आणि पैसाही नव्हता. २०२४ साली जगाच्या बाजारात कोको टनाला १० हजार डॉलरांच्या वर गेला होता. म्हणून कंपाउंड वापरले यात मला लाज वाटत नाही. मुलांना ते आवडते आणि स्वस्त पडते.

लाज वाटते ती डब्यावरच्या चिठ्ठीची. ‘शुद्ध डार्क चॉकलेट’ असे तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते. आपल्या शेजारच्या एका आजोबांनी दोन डबे घेतले. डार्क चॉकलेट हृदयाला बरे असते असे त्यांनी कोठेतरी वाचले होते. महिनाभर ते रोज एक तुकडा औषधासारखा खात होते, आणि एके दिवशी जिन्यात त्यांनी मला विचारले, “ताई, यात कोको किती टक्के आहे हो?” मला उत्तर देता आले नाही. नंतर लादीचे वेष्टण वाचले, त्यावर पहिला शब्द साखर आणि दुसरा वनस्पती तेल. दुसऱ्या दिवशी वर जाऊन त्यांना खरे काय ते सांगितले आणि डब्यांचे पैसे परत केले. ते हसले, पण उरलेला अर्धा डबाही त्यांनी माझ्या हातात दिला. ताटलीतले तुकडे त्यातलेच.

तेव्हा येत्या दिवाळीसाठी माझी सूचना अशी, की डब्यावर ‘कंपाउंड’ हा शब्द स्वच्छ लिहावा आणि त्यात काय काय आहे तेही. शिवाय खऱ्या चॉकलेटचे थोडेसेच, पंचवीस डबे, संत्र्याची साल घालून करून पाहावे. किंमत दुपटीच्या पुढे जाईल, खपतील की नाही सांगता येत नाही. कोषाध्यक्षबाई मान हलवीत आहेत. त्यांनी अजून दुसऱ्या ताटलीतला तुकडा घेतलेला नाही; ती ताटली जरा त्यांच्याकडे सरकवा.